टेकडीवर न नेलेली म्हातारी

बेबीआजींनी उभ्या जन्मात सुनेला एक गोष्ट सरळ सांगितली नव्हती. भाजी खारट झाली की त्या खिडकीतल्या साळुंकीला म्हणायच्या, "बाई गं, आज समुद्रच ओतलाय वाटतं!" सून सुचित्रा ऐकायची आणि काय ते समजायची. त्यामुळे दुसऱ्याचं बोलणंही आजींना कधी नुसतं बोलणं वाटत नसे. कोणाच्या तोंडून कोणाला टोमणा आहे, हे त्या आधी बघत.

घर बदलायचं चाललं होतं. परदेशातल्या या शहरात बुकित तिमाहसारख्या महागड्या भागातल्या कॉन्डोचं भाडं झेपेना, म्हणून प्रबोधने, त्यांच्या मुलाने, लांब वुडलँड्सला स्वस्तातला फ्लॅट भाड्याने घेतला होता. त्यात एक खोली कमी. ती कोणाची, हे कोणी बोललं नव्हतं. आणि आजी काही विचारणाऱ्यातल्या नव्हत्या.

शनिवारी नात अवनी खोक्यांच्या मधे फतकल मारून बसली आणि शाळेसाठी इंग्रजीत लिहिलेली गोष्ट आजीला मराठीत सांगू लागली. दोन हजार वर्षांपूर्वीचं ब्रिटन. गलबतांतून रोमन सैन्य उतरलंय. गोल झोपड्यांच्या गावात एना नावाची पोर राहते. सगळं गाव मेंढरं हाकत टेकडीवरच्या गढीकडे पळतंय.

"आणि तिची आजी गं?"

"तिला चालवत नाही ना. एनाची आई म्हणते, गाडीत जागा नाही. मग आजीला झोपडीतच ठेवतात."

"हे तुला कोणी सुचवलं?"

"आईने हेल्प केली."

आईने! आजींनी टोमणा ओळखला. "पुरे तुझी गोष्ट," म्हणत त्या उठल्या आणि कपाटातली पातळं बॅगेत भरू लागल्या. मायदेशी नाशिकला भाऊ होता. या वयात त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं! पण कोणी घालवण्याआधी आपण निघालेलं बरं. घड्या तेवढ्या सरळ पडत होत्या.

सुचित्रा आत आली. "अहो आई, पातळं आत्ताच का काढलीत?"

आजींनी भिंतीवरच्या पालीकडे मान वळवली. "रोमन आले ना बाई. गाडीत म्हाताऱ्यांना जागा नाही म्हणे."

सुचित्राला काही उमगेना. अवनीने सगळं सांगितलं, तशी ती हसत एका खोक्यावर बसली. आतले पापड कडाकडा मोडले.

"आई, मला तुम्हाला घालवायचं असतं ना, तर तोंडावर सांगितलं असतं. पालीला कामाला लावलं नसतं. मी फक्त तिचं इंग्लिश दुरुस्त केलं हो!"

"मग ती खोली?"

"प्रबोधची घरून काम करायची खोली जाते. बसेल डायनिंग टेबलावर. तुम्ही आणि अवनी मोठ्या खोलीत. लिफ्ट दारासमोर हवी म्हणून मीच अडून बसले होते, तुमच्या गुडघ्यांसाठी."

"हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं तुझं?"

"तुम्ही विचारलंत?"

आजी बॅगेतली पातळं परत बाहेर काढू लागल्या.

"आजी, तू फिनिश करूच दिलं नाहीस लाह!" अवनी इथल्या शाळेतल्या पोरांसारखा 'लाह' जोडत फुरंगटली. "एना तट्टू घेऊन परत येते. आजी त्याच्यावर बसते आणि टेकडीपर्यंत एनाच्या आईच्या नावाने बडबडते."

"बडबडणारच! तिच्या जिवाचं पाणी झालं होतं."

आजी पातळांच्या ढिगाशेजारी खाली बसल्या, पाय लांब सोडले आणि छाती भरून श्वास घेतला. मग म्हणाल्या, "सुचित्रा, काहीतरी खायला दे गं. सकाळपासून घास उतरला नाही."