मोराच्या कव्हराखाली

मी एक जुना मोडेम आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. तुमच्यापेक्षा मोठी नाकं मी माधवनगरात पाहिली आहेत. त्यांत सर्वांत मोठं आमच्या मालकांचं, हळदीचे अडते भाऊसो यांचं.

१९९८ साली त्यांच्या मुलीने, सईने, मला कॉम्प्युटरला जोडलं आणि दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो चालवला की टेलिफोनच्या तारेवरून मी बेळगाव विमानतळाचं ताजं हवामान आणायचो. तिकडे गडगडलं की दुपारपर्यंत इकडे पाऊस, हा सगळ्यांचा अनुभव होता.

"आबा, ह्या मोडेमचा दिवा हिरवा असला तरच खरं," सईने बजावलं, "लाल असला तर पडद्यावर कालचंच दिसतं." भाऊसोंनी मान डोलावली. नंदीबैलही डोलावतो.

सई पुण्याला शिकायला गेली आणि सारी अक्कल भाऊसोंची झाली. घरात टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, मग मलाही एक शिवलं. गुलाबी कापड, त्यावर भरलेला मोर. माझे दिवे मोराच्या पोटाखाली गेले, ते कुणाला दिसलेच नाहीत.

एप्रिलमधल्या एका सकाळी कव्हर ओढून बसवताना भाऊसोंनी माझी टेलिफोनची तारच उपसली. त्यांना पत्ताही नव्हता.

समोरच्या पटांगणात शेतकरी नियाज आणि त्याची बायको जैनब यांची वर्षभराची हळद उकडून वाळत पडली होती. "आवं भाऊसो, आभाळ भरलंय. गोळा करू का?" नियाज दारातूनच म्हणाला.

"गड्या, इमानतळ सांगतंय आभाळ कोरं हाय. मशिनपेक्षा तू लय शाना व्हय रं?"

नियाजने ताडपत्री खाली ठेवली. मी मोराखाली लालभडक होऊन बसलो होतो.

दुपारी पाऊस कोसळला. निम्मी हळद चिखलात गेली. भाऊसोंची मला कीव आली नाही, जैनबची फार आली.

"मशिन लबाड निघालं," भाऊसो म्हणाले.

जैनबने ओल्या, पिवळ्या हातांनी कव्हर उचललं. "आवं, ह्यो लाल दिवा कशाचा वं?"

भाऊसोंनी कव्हर पुन्हा खाली ओढलं.

आता मी माळ्यावर आहे. मित्रांनो, वस्तू जपायची असेल तर आधी तिच्याकडे बघत जा. पण तुम्ही कुठले बघणार! खाली नवा मोडेम आला आहे आणि मोराचं कव्हर त्याला घातलं आहे. जैनबच्या बोटांचे डाग तीनदा धुऊनही निघाले नाहीत, म्हणून डागांची बाजू भिंतीकडे केली आहे.