आवाज बेस झाला

अकोल्याच्या बस स्टँडसमोर नासिरभाईंचं कॅसेटचं दुकान होतं आणि नासिरभाईंना आपल्या कानाचा फार तोरा होता. गाणं दोन ओळी वाजलं की ते चालणार की पडणार, हे ते सांगून मोकळे होत. दहापैकी सहा वेळा ते चुकत, पण चुकलेले अंदाज लक्षात ठेवायला कोणाला वेळ आहे? बरोबर आलेला एक अंदाज मात्र अख्ख्या स्टँडला पाठ होता, कारण तो नासिरभाईंनीच सगळ्यांना ऐकवला होता. शेंदूरजनाघाटची प्रतीक्षा नावाची सोळा वर्षांची पोरगी शाळेच्या गॅदरिंगमध्ये गायली, तिची टेप फिरत फिरत यांच्या हाती आली आणि यांनी ती पुण्याच्या एका कॅसेट कंपनीला धाडली. त्यातून निघाली ‘सायकलची घंटी’. २००३ साली वऱ्हाडातली एक वरात त्या गाण्याशिवाय पुढे सरकली असेल तर शपथ. नवरदेव घोड्यावर अवघडून बसलेला आणि पुढे मामे-काके ट्रिंग ट्रिंग करत नाचताहेत, असा सगळा थाट.

आता २००७ उजाडलं होतं. वराती आखूड झाल्या होत्या. बँडवाले निम्म्या माणसांत काम भागवत होते. पेपराच्या पहिल्या पानावर रोज शेतकरी आत्महत्यांचा एक आकडा छापून यायचा आणि दुकानात टेकलेली माणसं तो न वाचता आतलं पान उघडायची. अशा दिवसांत प्रतीक्षाची नवी कॅसेट आली, ‘दुसरा वेचा’. पोरगी वीस वर्षांची झाली होती, अमरावतीत आईबरोबर राहत होती. आई, माणिकबाई, तिथे फुलं विकायची. कापूस वेचताना पहिल्या वेच्याची घाई सगळ्यांना असते, पण बोंड खरं भरतं ते दुसऱ्या वेच्याला, असं प्रतीक्षाचं म्हणणं होतं. या गाण्यांत सायकल नव्हती आणि घंटीही नव्हती. एक गाणं सासरहून न सांगता परत आलेल्या मैत्रिणीचं होतं, एक बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या भोंग्याचं. आवाजही बदलला होता. पूर्वी तो शिट्टीसारखा वर वर पळायचा, आता खाली उतरून सावकाश चालत होता.

कंपनीच्या साहेबांना हा बदल काही रुचला नव्हता. साहेब मूळचे रेकॉर्डिंगवाले. तीस वर्षं यंत्राची बटनं फिरवता फिरवता ते कंपनीचे भागीदार झाले होते. त्यांनी ठरवलं की पुढच्या कॅसेटचा करार करायचा की नाही, हे लोकांनाच विचारायचं. ‘घंटी’ सगळ्यात जास्त खपली होती नासिरभाईंच्या दुकानात, म्हणून तिथे एक वही ठेवायची. ज्याने नवी कॅसेट ऐकली त्याने मत लिहायचं, खाली सही करायची आणि महिन्याने वही पुण्याला पाठवायची. म्हणजे पोरगी पुढे गाणार की फुलांच्या टोपलीमागे बसणार, ते त्या शंभर पानी वहीवर येऊन ठेपलं.

प्रतीक्षाने फोनवर एवढंच सांगितलं, “चाचा, लोकं जे म्हनतीन तेच लिवजा. माह्यासाठी गोड करू नका.”

“आपन त्यातले नाई, बेटा,” नासिरभाई म्हणाले, आणि ते खरोखरच त्यातले नव्हते.

अडचण वेगळीच निघाली. लोक ऐकायला तयार, बोलायला तर फारच तयार, पण हातात पेन दिलं की त्यांना एकदम गाडी सुटायची आठवण व्हायची. मग नासिरभाई लिहू लागले आणि माणूस खाली सही नाहीतर अंगठा करू लागला. नासिरभाई उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. मराठी ते गिऱ्हाइकांच्या तोंडूनच शिकले होते, त्यामुळे माणूस जसा बोलला तसाच कागदावर उतरायचा. काना इकडचा तिकडे नाही. बायको हमिदा डबा घेऊन आली की वही चाळायची. ती मराठी शाळेत शिकली होती.

“जरा किताबी मराठी लिखो ना. पुना जानेवाली है वही,” ती एकदा म्हणाली.

“लोगों का बोल है. सुधारनेवाला मैं कौन?” नासिरभाई फिसकारले.

अंजनगाव सुर्जीचे देवमन केळीचा सौदा आटोपून आले होते. त्यांचं मत असं उतरलं: ‘पोरीचा आवाज लय बेस झाला. पयले नुसती चिवचिव होती.’ बँडवाल्या मोतीरामचं मत: ‘आवाज बेस हाये, पन वरातीत वाजोता येत नाई. मंग आमी काय खावं?’ रिक्षावाल्या गुलफामचं: ‘रिक्षात लावली त सवारी भांडाची थांबते. बेस.’ नांदगाव खंडेश्वरच्या पार्बताबाईंची बस चुकली होती, म्हणून त्यांनी कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकल्या. त्यांनी लिहवलं: ‘पोरगी आता मोठ्या बाईवानी गाते. आवाज बेस झाला. मले माही बहीन आठवली.’ एक जण म्हणाला, ‘नाई आवडली. घंटीच बरी होती.’ नासिरभाईंनी मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या आणि त्याचंही मत शब्दाला शब्द उतरवून घेतलं.

महिन्यात त्रेसष्ट मतं जमली. नासिरभाईंनी स्वतःचं लिहिलं नाही. दुकानदाराने आपल्या मालाबद्दल बोलू नये, असं त्यांना वाटे. वही पुण्याला रवाना झाली आणि नासिरभाई स्टँडवर सांगत सुटले की पोरीचं काम झालं म्हणून समजा.

पंधरा दिवसांनी प्रतीक्षा अमरावतीच्या गाडीतून उतरली आणि थेट दुकानात आली. तिच्या हातात कंपनीचं पत्र होतं.

“चाचा, पयली ओळ वाचली अन् म्या आईले पेढे आनाले धाडलं,” ती म्हणाली. “दुसरी वाचली, तवापर्यंत थे पेढे घेऊन वापस बी आली होती. आता तुमीच सांगा.”

पत्र तीन ओळींचं होतं. ‘आपला आवाज बेस झाला आहे, असे बहुसंख्य श्रोत्यांनी नोंदविले आहे. सबब आपल्याशी पुढील करार करणे कंपनीस शक्य होणार नाही. आपल्या वाटचालीस शुभेच्छा.’

नासिरभाईंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

“आवाज बेस झाला म्हनते, अन् मंग मले काहून काढून राहिले?” प्रतीक्षाने विचारलं. “खराब झाला असता त काय बक्षीस देनार होते?”

“टायपिंगवाल्याची चूक असन,” नासिरभाई म्हणाले. “‘शक्य होणार आहे’ लिवाचं सोडून ‘नाही’ लिवलं त्यानं.”

“अन् शुभेच्छा?”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला भजनाची कॅसेट वाजवून पाहायची होती. नासिरभाईंनी ती डेकमध्ये सारली आणि वीस वर्षांच्या सवयीने डाव्या बटनाला हात घालत विचारलं, “बेस वाढवू का?”

विचारलं आणि त्यांचा हात बटनावर तसाच राहिला. बटनाखाली इंग्रजीत चार अक्षरं होती. ती रोज बोटांखाली येऊन निम्मी झिजली होती. घुमणारा, जड, खर्जातला आवाज म्हणजे बेस. पुण्याचे साहेब तीस वर्षं असल्याच बटनांपाशी बसलेले. पोरीचा आवाज बेस झाला. मोठ्या बाईवानी. लय बेस.

“या अल्ला,” नासिरभाई म्हणाले आणि त्यांनी डेकच बंद केला. गिऱ्हाईक म्हणालं की राहू द्या, नंतर येतो.

त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा प्रतीक्षा आधी खो खो हसली. नासिरभाई मात्र हसले नाहीत. ते उठले आणि तिला घेऊन शेजारच्या एसटीडीवर गेले.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे तुमच्याकडे बेस म्हणजे चांगला?” ते म्हणाले. “कमाल आहे. मी तर वही वाचून म्हटलं, अकोल्याच्या लोकांचा कान काय तयार आहे! केळीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना साउंडमधलं कळतं.”

“मंग साहेब, पोरीचं…”

“माझं काही नाही हो, पण दुसऱ्या भागीदारांना मी दाखवू काय? वही तुम्हाला परत पाठवतो. शुद्ध मराठीत नीट लिहून पाठवा, मग बघू.”

वही कुरिअरने आली. नासिरभाईंनी ती उघडली आणि लगेच मिटली. मग पुन्हा उघडली. साहेबांनी लाल पेनाने, पट्टी लावून, प्रत्येक ‘बेस’खाली रेघ मारली होती. अशा एकावन्न रेघा होत्या. समासात त्यांचा क्रमांकही घातला होता. साहेबांच्या हिशेबी त्या एकावन्न तक्रारी होत्या.

आता ती त्रेसष्ट माणसं आणायची कुठून? स्टँडवरची माणसं ती, आली तशी गेली. मोतीराम आणि गुलफाम सापडले, पण देवमन अंजनगावात, पार्बताबाई नांदगावात आणि कोणाची बस कुठे गेली ते तर कोणालाच ठाऊक नाही. शेवटी हमिदाने डबा बाजूला सारला, वही मांडीवर घेतली आणि एकेक मत शुद्ध करून सांगू लागली. नासिरभाई नव्या वहीत लिहू लागले. ‘गायिकेच्या आवाजात गोडवा आला आहे.’ ‘आवाज अतिशय छान झाला आहे.’ पार्बताबाईंपाशी ती जरा थांबली आणि म्हणाली, “लिखो, गायिकेच्या आवाजास परिपक्वता प्राप्त झाली आहे.”

“उसकी बहीन कहाँ गयी इसमें?” नासिरभाईंनी विचारलं.

“बहीन शुद्ध मराठी में नहीं बैठती,” हमिदा म्हणाली. नासिरभाईंनी परिपक्वता प्राप्त करून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याच्या तोंडात आपला शब्द घातला आणि त्यांना स्वतःची चांगलीच लाज वाटली. पण पोरीसाठी त्यांनी त्रेसष्ट मतं पुरी केली. घंटीच बरी होती म्हणणाऱ्याचंही शुद्ध करून घेतलं.

या वेळी उत्तर आठ दिवसांत आलं आणि ते दुसऱ्या भागीदारांच्या सहीचं, नासिरभाईंच्या नावाने होतं. ‘आपली दुसरी वही मिळाली. सर्व मजकूर एकाच हाताचा व एकाच भाषेतील असून एकाही मताखाली सही नाही. ही मते श्रोत्यांची नसून दुकानदाराची आहेत, हे उघड आहे. पहिली वही आम्ही खरी मानतो. विषय संपला आहे.’

नासिरभाईंनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि दोन दिवस दुकानात काहीच वाजवलं नाही. लोक विचारत, डेक बिघडला का? ते हो म्हणत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माणिकबाईंच्या शेजारी फोन करून निरोप ठेवला आणि दुपारच्या गाडीने प्रतीक्षा आली. त्यांनी पत्र तिच्यापुढे केलं. तिने ते वाचलं. या वेळी ती हसली नाही.

“माह्यानं झालं, पोरी,” नासिरभाई म्हणाले. “हमिदा म्हनतच होती. पयल्या दिवशीच ‘छान’ लिवलं असतं त आज तू पुन्यात असती. मोठा आला खरं लिवनारा.”

प्रतीक्षाने काउंटरवर बोटाने उगाच दोन-चार रेघा ओढल्या. मग म्हणाली, “थे पयली वही कोठं हाये?”

“काय करतं तिले?”

“म्या पाह्यलीच नाई नं अजून.”

नासिरभाईंनी ती गल्ल्यामागून काढून दिली. प्रतीक्षा स्टुलावर बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. स्टँडवर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. ती एकेक पान उलटत होती. चिवचिवीपाशी तिला हसू आलं. मोतीरामपाशी ती ‘बिचारा’ म्हणाली. पार्बताबाईंचं मत तिने दोनदा वाचलं, मग तोंड रस्त्याकडे करून ओढणीने डोळे पुसले. नासिरभाईंनी कॅसेटी पुसायला घेतल्या. पुसलेल्याच पुन्हा पुसल्या.

वही संपली तेव्हा अमरावतीची गाडी फलाटावर येऊन लागली होती.

“चाचा, याच्यात तुमचं कोठं हाये?” तिने विचारलं.

“दुकानदाराचं कायचं मत, बेटा?”

“पुन्याले नाई धाडाची आता. म्या घेऊन जाऊन राहिली. लिवा.”

तिने वही फिरवून त्यांच्यापुढे सरकवली. नासिरभाईंनी पेन उघडलं. ज्या शब्दाने पोरीचा घात केला तो लिहायला हात धजेना आणि दुसरा कुठला शब्द त्यांना खरा वाटेना. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘आवाज बेस झाला.’ खाली उर्दूत सही केली.

प्रतीक्षाने ते वाचलं. मग काउंटरवरच्या डब्यातून लाल पेन शोधून काढलं, पत्राची घडी पट्टीसारखी कागदावर धरली आणि त्या शब्दाखाली सावकाश एक रेघ मारली. समासात आकडा घातला, बावन्न.

“सगळ्यायले रेघ हाये,” ती म्हणाली, “तुमालेच काहून नाई?”