पुढे बघून येतो

बेट आमच्या जहाजापेक्षा लहान होतं, त्यामुळे गाइड घ्यायची गरज नव्हती. अकराव्या मजल्याच्या डेकवरून ते सगळं दिसत होतं. एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी-निळी दुकानं, शेवटी पडका किल्ला आणि किल्ल्यावर ऊन खात बसलेला एक इग्वाना सरडा. एवढं दाखवायला टूरवाले चार तास घेणार होते.

“मी अर्ध्या तासात उरकतो,” मी आईला म्हणालो.

आईचा गुडघा सुजला होता. ती कठड्यापाशी जांभळी शाल पांघरून आरामखुर्चीत बसली होती. ताईने ह्यूस्टनहून आम्हा दोघांची तिकिटं काढून दिली होती. जहाजावरच्या तीन हजार माणसांत आईखेरीज मराठी कळणारा मी एकटा होतो, आणि आईला इंग्रजीत फक्त ‘नो एग’ येत होतं. साडेचारला जहाज सुटणार होतं.

“चल, निघतो.”

“काय म्हणायचं असतं, रंगा?”

“येतो.”

“हं.”

आमच्याकडे बाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत. तसं कुणाकडेच म्हणत नाहीत, पण आमच्याकडे पुरावा आहे. बाबा एकदाच, स्कूटरचं पंक्चर काढायला निघताना, चुकून ‘जातो’ म्हणाले. स्कूटर तेवढी परत आली. आईने पदराने तिची सीट पुसली, बराच वेळ पुसत राहिली, आणि मग डिकी उघडून आत पाहिलं.

पहिलं दुकान टोप्यांचं होतं. पाटीवर एर्नेस्टीन असं नाव होतं आणि पाटीखाली एर्नेस्टीनबाई होत्या.

“घ्या की दादा, ताडाच्या पानाची हाय. हलकी.”

त्यांचं मराठी इचलकरंजीकडचं होतं. मी फार विचार केला नाही. सुट्टीवर होतो.

“टोपी नको घेऊस,” आई म्हणाली. “तुझ्या डोक्याला कुठलीच बसत नाही.” बेट लहान असल्यामुळे तिथलं इथे आणि इथलं तिथे सहज ऐकू येत होतं.

“पुढे बघून येतो,” मी एर्नेस्टीनबाईंना म्हणालो.

हे वाक्य मी आईचं बोट धरून बाजारात शिकलो. दुकानदाराला माहीत असतं की आपण येणार नाही. आपल्याला माहीत असतं की त्याला माहीत आहे. यावर धुळ्याचा बाजार कित्येक वर्षं सुरळीत चालला आहे.

“बरं,” त्या म्हणाल्या. “ठेवते बाजूला.”

पुढे लाकडी कासवं होती, तिखट चटण्यांच्या बाटल्या होत्या, रम घातलेला केक होता, केसांच्या बारीक वेण्या घालून देणाऱ्या दोघी बहिणी होत्या. त्यांनी माझ्या केसांकडे पाहून स्वतःच मान हलवली, तरी मी त्यांनाही तेच म्हणालो. मी सतरा जणांना ‘पुढे बघून येतो’ म्हणालो. मग किल्ला पाहिला. इग्वानाने मला पाहिलं. मी वळलो आणि एर्नेस्टीनबाईंच्या दुकानात आलो.

“आलात?” त्या म्हणाल्या. टोपी बाजूला काढलेली होती.

“नाही, मी जहाजाकडे निघालोय.”

“येतो म्हणालता की.”

वाद नको म्हणून मी टोपी घेतली. ती बरोब्बर बसली. “बरं, येतो,” मी म्हणालो, जहाजाकडे वीस पावलं चाललो आणि एर्नेस्टीनबाईंच्या दुकानात आलो.

तिसऱ्या खेपेला चूक माझ्या लक्षात आली. मी काही न बोलता निघालो. पाय चालत होते, पण रस्ता पायांखालून मागे सरकत नव्हता.

“न सांगता निघतात व्हय?” एर्नेस्टीनबाई म्हणाल्या. “घरी काय शिकवलं हाय का न्हाई?”

“शिकवलंय,” आई डेकवरून म्हणाली.

एव्हाना बेट जहाजापेक्षा मोठं झालं होतं. दुकानांच्या मधे दुकानं आली होती. आईची शाल नखाएवढी दिसत होती, आवाज मात्र तेवढाच येत होता.

आमच्या जहाजाचा टूर-गट समोरून गेला. पुढे चौदा नंबरची पाटी धरलेला गाइड होता. त्यांच्यातलं कुणी कुणाचा निरोप घेत नव्हतं, सगळ्यांच्या वतीने तोच घेत होता, आणि ते सरळ जहाजाकडे चालले होते. मी शेवटच्या आजोबांच्या मागे लागलो. गाइडने माणसं मोजली, पुन्हा मोजली, आणि तांदळातून खडा काढतात तसं मला बाजूला काढलं.

“बसा,” दुकानाच्या आतून कुणीतरी म्हणालं. कोपऱ्यात एक गृहस्थ टोपी विणत होते. बोटं ताडाच्या पानाच्या रंगाची झाली होती. “मी मगदूम. इचलकरंजी. तुम्ही?”

“धुळे.”

“लांब पडलं की.”

“मला जहाजावर जायचंय. आईला पण येतो म्हणालोय.”

“तिला एकदा म्हणालाय. इथं किती जणांना म्हणालाय?” त्यांनी पान दातात धरून चिरलं. “नंबरानं होतंय सगळं. लागंल तिचा पण.”

“कधी?”

“माझ्या मंडळींचा अजून लागायचाय.”

एर्नेस्टीनबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो उकळलेला, आपल्यासारखा होता.

“रंगा, सव्वाचार झाले,” आई म्हणाली. “इथे एक जण मला काहीतरी विचारतोय. मी त्याला नो एग म्हटलं. तो जात नाहीये.”

“आलोच, आई.”

मी निघालो आणि केकच्या दुकानात आलो. तिथून निघालो आणि वेण्यांच्या बहिणींकडे आलो. तिथून मगदूमांकडे.

“दुसरा शब्द हाय की,” ते टोपीकडे बघत म्हणाले. “तो म्हटला की सोडतोय रस्ता.”

“मग तुम्ही का नाही म्हणालात?”

“मंडळी डेकवर हुती. ऐकलं असतं तिनं.”

दूरवर जहाजाचे दोर सोडायला लागले होते. आई कठड्याला धरून उभी राहिली होती. सुजलेल्या गुडघ्यावर ती अशी उभी राहत नाही.

प्रत्येक बंदर सोडताना आमचं जहाज तीनदा भोंगा वाजवायचं. इतका मोठा, की पेल्यातलं पाणी हलायचं. शब्द भोंग्याखाली दडवायचा, असं मी ठरवलं. पहिल्या भोंग्याला दुकानाच्या उंबऱ्यावर आलो. दुसऱ्या भोंग्याला श्वास भरून घेतला. मगदूमांनी विणणं थांबवलं.

मी तोंड उघडलं. तिसरा भोंगा वाजला नाही.

“जातो,” मी म्हणालो.

बेटभर दुसरा आवाज नव्हता. शब्द दुकानांवरून, धक्क्यावरून, पाण्यावरून जाताना मला दिसला.

रस्ता लगेच सरळ झाला. बेट पुन्हा जहाजापेक्षा लहान होतं. मी वीस पावलांत शिडी चढलो. दारावरच्या माणसाने समुद्राकडे बघत दार लावायला घेतलं, मी त्याच्या हाताखालून आत शिरलो. अकरावा मजला. कठडा. आई खुर्चीत बसली होती.

“आई, आलो मी.”

आईने हात लांबवला आणि माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. पदराने ती पुसली. बराच वेळ पुसत राहिली.

“आई.”

मग तिने टोपी उलटी केली आणि आत पाहिलं.