मिठागराची लेक

माघातलं माध्यान्ह. पेणच्या खाडीकाठी क्षारशुभ्र मिठागरं पसरलेली. वर निरभ्र, निर्दय आकाश. खाली वाफ्यावाफ्यांतून साकळणारं सूर्यदग्ध समुद्रजल. पांढऱ्यावर पांढरं, आणि त्या पांढऱ्यावर पुन्हा ऊन. घटकाभर बघणाऱ्याचे डोळे दिपतात. जन्मभर बघणाऱ्याचे? ते विझतात हो. चांगुणा मोकलचे विझत चालले होते.

याच जळत्या शुभ्रतेत तिनं मीठ ओढलं, मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, आणि त्या पाट्यांच्या सावलीत लेक वाढवली. यमुना. शाळेत पहिली, कॉलेजात पहिली, मग पुण्याला, मग परदेशी, मग पुन्हा पुण्यात: डॉक्टर यमुना मोकल, भौतिक रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. गावानं तोंडात बोटं घातली. आईनं मात्र एकच विचारलं, “बाय, तू करतंस काय गो तिकरं?”

काय सांगावं? यमुना सोनं बारीक करी. इतकं बारीक, की केसाच्या जाडीत त्याचे हजारो कण शेजारी शेजारी मावावेत. तिथं सोनं आपलं पिवळेपण टाकतं आणि पाण्यात तरंगत तांबडंलाल होतं. जास्वंदीसारखं लाल, संध्यारागासारखं लाल. त्या लालीपायी यमुनेनं तारुण्य जाळलं, संसार केला नाही, सण पाळले नाहीत.

आणि त्या लालीचा एकच वैरी होता: मीठ. कणाकणावर सारखाच विद्युद्भार. म्हणून कण एकमेकांना दूर लोटतात, दूर राहतात, आणि दूर राहतात म्हणूनच लाल राहतात. मीठ पडलं की ते अंतर संपतं. कण एकमेकांच्या गळ्यात पडतात, निळे होतात, काळवंडून तळाशी बसतात. म्हणून डबा खाऊन आलेल्या विद्यार्थ्याची हात धुतल्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल टाकायची बिशाद नव्हती. मिठागराची लेक मिठाला भिऊ लागली होती. घरी जाणंही कमी झालं. काम असतं ना! मोठ्या माणसांना कामं असतातच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा चांगुणा म्हणाली, “दिवा विझाचे आदी तुजा सोना येकदा बगाचा हाय मना.”

यमुनेच्या धाकट्या भावानं आईला पुण्याला आणलं. यमुनेनं पहाटेच उठून सोनं सिद्ध केलं होतं. प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या उन्हात काचेचा चंबू उभा. त्याच्या पोटात ते नितळ, निष्कंप, प्रवाळवर्णी पाणी. चांगुणा पुढं वाकली, आणखी वाकली, आणि त्या मिणमिणत्या डोळ्यांत लाल उतरलं.

“अगो बाय! जास्वंद फुलली गो ही!”

यमुनेचा ऊर भरून आला. उभ्या जन्मात कुठल्या सन्मानानं भरला नव्हता इतका भरला. ती डोळे पुसायला वळली, आणि तेवढ्यात आईनं पदराची गाठ सोडली. गाठीत घरून आणलेलं मीठ होतं, मोहऱ्या होत्या. लेकीचं एवढं चांगलं झालं, दृष्ट नको काढायला? मूठ आधी लेकीच्या पाठीवरून फिरली, मग चंबूवरून फिरली. हात म्हातारा. मूठ सैल झाली.

लालाचं जांभळं झालं. जांभळ्याचं निळं. निळ्याचं राखाडी. पापणी लवायच्या आत जास्वंद मेली.

“काय केलंस हे, आये! तुझं ते मीठ घे आणि चालती हो इथून!”

शब्द गेला. बाण परत येतो का कधी? मोकळी मूठ म्हातारीनं पदरात लपवली आणि मुलाचा हात धरून जिना उतरली. तासाभरात नवं सोनं झालं असतं. तासाभरात! हे यमुनेइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तिनं हाक मारली नाही. उद्या जाऊ, म्हणाली. मग परीक्षा आल्या, परिषद आली. उद्यावर उद्या रचले गेले.

वैशाखात भावाचा फोन आला. “आयला आता कायच दिसत नाय.”

यमुनेनं त्या दिवशी जे सोनं केलं, तसं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. कुपी छातीशी धरून ती घरी पोचली. आई अंगणात बसलेली, मिठागरांकडे तोंड करून, पांढऱ्या उन्हात पांढरे डोळे उघडे ठेवून.

“आये, मी आले. चुकले गं मी. हे बघ...” आणि ‘बघ’ म्हणताच तिनं पुढे केलेली कुपी पुन्हा छातीशी धरली.

“सोना आनलंस? लाल झायलंय?”

“लाल झालंय, आये. धर ना, हातात तरी धर.”

चांगुणा दचकली. दोन्ही हात तिनं झटकन पाठीमागे नेले, घट्ट धरले.

“नको गो बाय. माजे हाताला मीठ हाय.”

यमुना कुपी उचलून धरून तशीच उभी राहिली. ऊन कुपीतून गेलं, लाल झालं, आणि आईच्या उघड्या डोळ्यांवर पडलं. मागे मिठागरं पांढरी. पुढे पापण्या स्थिर. आणि पाठीमागे ते दोन हात, एकमेकांना धरून, दूर, दूरच.