उशिरा लाल होणारा कोपरा

मी हाउज बोलतेय. क्रॅनबेरी या आंबट लाल फळाच्या वेलीची एक जात. सध्या वेअरहॅम गावात, बेन्तो लोम्बाच्या वाफ्यात, बर्फाखाली आहे. आवाज बारीक येत असेल तर तो बर्फामुळे.

मला आई नाही, आजी नाही. फार वर्षांपूर्वी डेनिस गावात कुणाला तरी एक रानवेल आवडली. तिची फळं लहान, लांबट, टणक आणि खूप टिकणारी. त्याने तिच्या फांद्या तोडून ओल्या वाळूत दाबल्या. मग त्या फांद्यांच्या फांद्या. आमचं बी कुणी पेरत नाही. म्हणून ती रानवेलही मीच आणि इथलीही मीच.

खरं तर या वाफ्यात मी नकोच होते. बेन्तोला फक्त अर्ली ब्लॅक ही जात लावायची होती. ती हार्विचकडची, काळपट लाल, सप्टेंबरातच तयार होणारी. मी ऑक्टोबरपर्यंत फिकीच. दोघींच्या फांद्यांचे भारे एकाच गाडीतून आले तेव्हा शेजारी म्हणाला, "बेन्तो, चिठ्ठ्या बांध त्यांना."

"चिठ्ठ्या कशाला? मी पान बघून सांगतो!"

तीन वर्षांनी फळं धरली. सगळा वाफा लाल आणि एक कोपरा पांढरट. बेन्तोची बायको बांधावर उभी राहून हसली. "अगदी तुझ्यावर गेलाय हा कोपरा. लग्नालासुद्धा उशिराच आला होतास."

तेव्हापासून बेन्तो माझी फळं ऑक्टोबरात एकटा तोडायचा, गुडघ्यांवर बसून, लाकडी फणीने. ती नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत टिकायची. बायको गेल्यावरही तो येत राहिला.

आता वाफा त्याची मुलगी झुलमिरा बघते. ती पाणी सोडते, फळं तरंगतात आणि एकदमच गोळा होतात. त्यात माझी फिकी फळं मिसळतात आणि सगळा माल कारखान्यातून परत येतो. गेल्या सप्टेंबरात ती बेन्तोला बांधावर घेऊन आली.

"पापा, हा कोपरा येत्या मार्चमध्ये काढावा लागेल. इथे क्रिम्झन क्वीन लावते. स्टीव्हन्स आणि बेन लिअर या दोन जातींच्या संकरातून केलेली नवी जात आहे. फळ मोठं आणि लवकर लाल होतं."

"राणी येतेय? मग म्हातारीला उठायलाच हवं."

"पापा, थट्टा नको. तुम्ही नाही म्हणालात तर राहू देते."

त्याने माझं एक फळ तोडून चावलं. तोंड वाकडं केलं. 

"काढ," तो म्हणाला. "पण राणीच्या भाऱ्यांना चिठ्ठ्या बांध."

आता मला त्याचं काही वाटत नाही. थंडी आली की आमची पानं तांबूस होतात आणि वाटणं थांबतं.

हिवाळ्यात इथे वाफ्यात पाणी भरतात; ते गोठलं की जानेवारीत त्या बर्फावर वाळू पसरतात. बर्फ वितळला की ती वेलींवर बसते आणि वेलींना नवी मुळं फुटतात. काल झुलमिरा गाडी घेऊन आली. सगळ्या वाफ्यावर तिने वाळू टाकली. माझ्या कोपऱ्यापाशी येऊन गाडी थांबली. इंजिन चालूच होतं. मग ती वाळू न टाकताच वळली.

बाकी वेलींवर आता अंधार आहे. माझ्यावरचा बर्फ स्वच्छ आहे, त्यातून उजेड येतो. मार्चपर्यंत येत राहील. तुम्ही निघा आता, बर्फावर फार वेळ उभं राहू नये.