पदवीच्या पाठीवरचा शिक्का

जरा थांबा, इतक्यात हात टेकू नका. आत्ताच माझ्यावरून कोळशाची इस्त्री उचललीय, अंगावरचं ब्लँकेट अजून तापलेलं आहे. हां, आता टेका. मी इस्त्रीचं टेबल बोलतोय. मला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे सांगताना कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या. घाईत असाल तर मात्र खुशाल पुढं जा, मला घाईनं बोलता येत नाही.

एका सुतारानं मला एका शिंप्यासाठी बनवलं होतं. शिंप्याची नजर अधू झाली, त्यानं दुकान आवरलं आणि मी सध्याच्या मालकांकडे आलो. मालक इस्त्रीवाले. पुढच्या खोलीत मी आणि कपड्यांचे गठ्ठे, मागच्या खोलीत त्यांचा संसार. माझा एक पाय किंचित आखूड आहे. मालकांनी पहिल्याच दिवशी त्याखाली लाकडाची चिप्पी सारली आणि म्हणाले, "आता नीट उभं राहायचं." तेव्हापासून उभा आहे.

मालकांची एकच मुलगी. ती माझ्याखालीच, गठ्ठ्यांना टेकून वाढली. इंग्रजी अक्षरं तिनं पुस्तकाच्या आधी शर्टांच्या कॉलरीमागच्या पट्टीवर वाचली. एकेक शर्ट उलटा करून मोठ्यानं वाचायची आणि मालक इस्त्री फिरवता फिरवता "पुढं?" म्हणायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण वाचायला अजून शर्ट उरलेत याचंच त्यांना बरं वाटायचं. पुढं ती कॉलेजात इंग्रजीच शिकली. संध्याकाळी माझ्यावरचे कपडे बाजूला सारून गल्लीतल्या पोरांना शिकवायला लागली. मालक तिला मास्तरीणबाई म्हणायचे. त्यात चेष्टा थोडी आणि कौतुक जास्त.

पदवीचा कागद आला तेव्हा ती घरी नव्हती. मालकांनी हात धुतले, पुसले, परत पुसले आणि पाकीट उघडलं. मग कागद छातीशी धरून थेट चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. परत आले तेव्हा पदवी दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिकमध्ये बंद. भिंतीवर तिच्यासाठी खिळा ठोकला. त्याच हौसेत दुकानाचं दरपत्रकही लॅमिनेट करून आणलं. गिऱ्हाईक आलं की मालक पदवी खिळ्यावरून काढायचे, पाणी शिंपडायच्या बादलीत बुडवायचे आणि वर काढून झटकायचे. "बघा, आत थेंब गेला नाही."

मुलगी कपाळाला हात लावायची. "बाबा, पदवी आहे ती. मासा नव्हे."

तुम्ही माणसं असंच करता. जे फार आवडतं ते आधी बंद करून ठेवता.

मग परदेशातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी निघाली. तिनं अर्ज केला. मुलाखत फोनवर, चेहरा दिसेल अशी, तीही माझ्यावरच. इस्त्री ठेवायच्या तिवईला फोन टेकवून ती बसली. मागं लोकांचे शर्ट दिसू नयेत म्हणून मालकीणबाई चादर धरून उभ्या. आवाज शांत होता पोरीचा, पण तिचं नख माझी कड कुरतडत होतं, ते मलाच ठाऊक. शाळेनं तिला पसंत केलं.

पण नोकरी मिळाली म्हणजे जाता येतं असं नाही. तिकडे काम करायला व्हिसा लागतो. त्या व्हिसासाठी पदवी खरी असल्याचा सरकारी शिक्का लागतो, आणि तो पदवीच्या मागच्या बाजूला मारतात. शिक्का झाला की सगळे कागद वकिलातीत द्यायचे. शाळेनं आधीच बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत कागद वकिलातीत पोचले नाहीत तर दुसऱ्या कुणाला तरी बोलावू.

सोमवारी ती शिक्का घ्यायला गेली. दुपारीच परत आली आणि पदवी माझ्यावर ठेवून उभी राहिली.

"झालं काम?" मालकांनी विचारलं.

"प्लास्टिकवर शाई धरत नाही म्हणाले. प्लास्टिक काढून आणा, नाहीतर नवीन पदवी काढा."

"मग नवीन काढू की."

"विद्यापीठात विचारून आले, बाबा. काही महिने जातील."

मालक पदवीकडे बघत राहिले. हातातली इस्त्री होती तिथंच राहिली.

"अहो, जळतंय," मालकीणबाई आतून म्हणाल्या. पँट थोडक्यात वाचली, इस्त्री तिच्या कडेला टेकली होती. माझ्या ब्लँकेटवर मात्र काळा डाग पडला, तो अजून आहे.

मालक चपला घालून झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याच्याशी काय बोलणं झालं ते त्यांनी आल्यावर सांगितलं.

"तो म्हणतो, माझ्याकडे घालायचं मशीन आहे, काढायचं नाही."

"घालताना तरी विचारायचं त्यानं," मालकीणबाई म्हणाल्या.

"विचारलं होतं. मीच म्हणालो, जाडातलं जाड घाल."

पोर त्यांना एका शब्दानं बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी मालक ताटावरून तसेच उठले.

बुधवारी दुपारी तिनं सांगितलं, गरम केलं तर आतला डिंक सुटतो म्हणतात, बघू या. आधी दरपत्रकावर करायचं ठरलं. इस्त्रीतले निखारे विझत आले होते, ऊब बेताची होती. दरपत्रकावर सुती रुमाल टाकून मालकांनी इस्त्री फिरवली. कोपरा उचलला. प्लास्टिक हळूहळू सुटायला लागलं आणि मुलीचा चेहरा उजळला. पण पूर्ण निघाल्यावर ती बघतच राहिली. अक्षरं प्लास्टिकला चिकटून निघून आली होती. शर्ट, पँट, कोट, सगळे दर प्लास्टिकवर. कागद जवळजवळ कोरा.

मालकांनी इस्त्री तिवईवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकले. पदवी तिथंच होती, माझ्या दुसऱ्या टोकाला. तिच्यावरची अक्षरंही अशीच गेली असती.

"मी नाही हात लावणार," मालक म्हणाले. "एकदा लावला तेवढा पुरे झाला."

मालकीणबाई पदर खोचून पुढं आल्या. त्यांनी पदवी उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

"शिक्का कुठं मारणार?"

"मागं," मुलगी म्हणाली.

"मग तोंडाला कशाला हात लावायचा? मागचंच काढू."

"अर्धं काढलेलं चालेल का पण त्यांना?"

"ते मला काय माहीत? नाही चाललं तर नाही. आत्ता तरी कुठं चालतंय?"

पोर हसली, आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले.

मग तिघं माझ्याभोवती उभे राहिले. मालकीणबाईंनी पदवीचे कोपरे दाबून धरले. मुलगी प्लास्टिक ओढणार होती. इस्त्री मालकांनीच धरायची होती, ऊब त्यांच्याच हाताला कळते. पण ते इस्त्री जवळ न्यायचे आणि परत मागं घ्यायचे. उष्णता जास्त झाली तर पुढची अक्षरं वितळतील, कमी पडली तर कागद फाटेल. मी श्वास घेत नाही, तरी रोखून धरला होता. माझा आखूड पाय चिप्पीवरून सरकू नये, एवढंच मागत होतो.

"थांबा," मुलगी म्हणाली. "आता फिरवा. बस. उचला."

कोपरा सुटला. मग बोटभर. मग वीतभर. मध्यावर कागदाची साल निघायला लागली, पांढरी, केसासारखी.

"सोड, सोड," मालक कळवळले.

"बाबा, सोडत नाही. तुम्ही इस्त्री आणा इकडे. हळू."

त्यांनी आणली. तिनं ओढलं. साल परत खाली बसली आणि प्लास्टिक सुटून तिच्या हातात आलं. पदवी उलटी करून बघायचं धाडस तिघांनाही होईना. शेवटी मालकीणबाईंनीच केली. अक्षरं जागच्या जागी होती. मालकांनी इस्त्री तिवईवर ठेवली.

गुरुवारी ती पुन्हा शिक्क्याला गेली. मालकांनी कोळसा पेटवलाच नाही. गिऱ्हाईक आलं की "उद्या" म्हणायचे. दिवसभर माझ्यावर दोन्ही कोपरं रोवून बसले होते, आणि मला वाटतं तेवढं वजन माझ्यावर गठ्ठ्यांचंही कधी पडलं नाही.

ती संध्याकाळी आली. पदवी पालथी माझ्यावर ठेवली. मागं शिक्का होता.

"खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पुढचं का नाही काढलं? म्हटलं, काढलं तर अक्षरं जातात. त्या आत साहेबांना विचारायला गेल्या. किती वेळ आल्याच नाहीत. मग आल्या आणि मारला. पहिला फिसकटला, डिंक होता ना तिथं. दुसरा बसला."

"काय म्हणाल्या?" मालकांनी विचारलं.

"म्हणाल्या, घरी कुणाची तरी फार माया आहे वाटतं."

मालक आत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

शुक्रवारी कागद वकिलातीत गेले. मग नुसतं वाट बघणं. दारात सायकल थांबली तरी तिघंही माना वर करायचे. शेवटी पासपोर्ट आला, त्यात व्हिसाचं पान. मालकांनी बघायला हात पुढं केला, तशी मालकीणबाईंनी तो त्यांच्यासमोर धरला, पण हातात दिला नाही. "लांबूनच बघा."

ती निघाली तेव्हा मालक एका शर्टाला इस्त्री करत होते. ती बॅग घेऊन माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्यावर पंजा टेकवला.

"बाबा, येते."

"हं. कागद वरच ठेव बॅगेत," मालक म्हणाले. वर बघितलं नाही. एकाच बाहीवर इस्त्री फिरवत राहिले. ती थोडा वेळ थांबली, मग तिचा पंजा उचलला गेला.

गाडी गेल्याचा आवाज आला तरी बाही चाललेलीच होती.

"वर बघितलं असतं," मालक हळूच म्हणाले, "तर तिचा पाय निघाला नसता."

"निघाला असता," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही रडला असता, एवढंच."

आता ती तिकडच्या मुलांना शिकवते. माझ्यावर संध्याकाळी पोरं बसत नाहीत, गठ्ठे मात्र आहेत. मी जुना झालोय, पाय करकरतात. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं कुणी जायला निघालं तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि त्याच्याकडे बघा. रडू आलं तर येऊ द्या. शर्ट काय, परत ओला करून इस्त्री करता येतो.

गिऱ्हाईक आलंय. निरोप घेतो असं म्हणालो असतो, पण मी कुठं जाणार? तुम्हीच या आता. सावकाश जा.