चार बोटं खाली

मित्रांनो, मी एक जुनी रेघ आहे. होडीच्या अंगावर बाहेरून ओढलेली, पांढरी. सध्या मी कुणाला दिसत नाही, कारण माझ्यावर निळा रंग फासला आहे. शिवाय या क्षणी मी पाण्याखाली आहे. मी पाण्याखाली गेले की होडीत माणसं जास्त झाली, एवढाच माझा अर्थ. दुसरं काही मला सांगता येत नाही.

रीत अशी, की आधी जन्म सांगावा. सांगते. पण बेटाच्या धक्क्यावरून आणखी एक जोडपं होडीत उतरतंय, तेव्हा मध्येच थांबले तर राग मानू नका.

मला बाबांनी काढलं. होडी त्यांचीच. ती नवी असताना त्यांनी वस्तीतली माणसं बोलावून आत बसवली. जाडे, बारके, कडेवर पोर घेतलेल्या बाया. स्वतः छातीएवढ्या पाण्यात उभे राहून ते होडी हातांनी हलवत राहिले. माणसं वाढता वाढता एकदा होडी कलली आणि सरळ व्हायला तिला वेळ लागला.

"बास," बाबा म्हणाले. "आता थोडे उतरा."

"अहो, अजून माझी सासू यायची आहे!" आतून कुणीतरी ओरडलं.

"तिला पुढच्या खेपेला. तिचं वजन नाही रे, तिचं बोलणं जड आहे."

हसत हसत काही जण उतरले. होडी हलकी झाली, मनासारखी डुलली, आणि तेव्हा पाणी जिथे टेकलं होतं, तिथे मी जन्मले.

थांबा. वारा फिरला.

होडी खचाखच भरली आहे. दुसऱ्या होडीचं इंजिन सकाळी बेटावर पोचताच बंद पडलं, म्हणून तिची माणसंही आमच्यातच चढली आहेत. पलीकडचा काठ अजून दिसतो, पण मधलं पाणी काळवंडलंय. बाबांचा मुलगा, ज्याला सगळे दादा म्हणतात, इंजिनापाशी उभा आहे.

"सरका, सरका. आत सरका," तो म्हणतो. "रेघ बघा की, अजून वरच आहे."

तो सांगतो ती रेघ मी नव्हे.

ती माझी सवत. या हंगामाच्या तोंडावर दादाने ती माझ्या वर ओढली, बरोबर चार बोटं वर. तो वाईट नाही. पण पलीकडच्या काठावर राहायच्या खोल्या वाढत गेल्या, पाहुणे वाढत गेले, आणि धक्क्यावर मागे राहिलेली माणसं त्याच्यावर तोंड टाकू लागली. "एवढ्या लांबून आलो ते काय काठावर बसायला?" असं रोज ऐकून माणूस किती दिवस माझी बाजू घेणार? बाबा आता राहिले नाहीत. दादाने मला खरवडायला पत्रा घेतला. माझ्यावर टेकवलाही. मग बाजूला ठेवला. दर वर्षी बाबांनी माझ्यावर नवा हात दिला होता, जुना न काढता. रंगावर रंग चढून मी सुतळीसारखी वर आले होते. ते सगळं त्याला खरवडवलं नाही. त्याने नुसता निळा रंग लावला आणि तोंड फिरवलं.

आज हंगामाचा पहिला दिवस.

कौतुकही माझ्या वाट्याला आलंय, तेही सांगायला हवं. आजच सकाळी. येताना होडी निम्मीच भरली होती. एक चष्मेवाले गृहस्थ बायकोबरोबर बसले होते. ते उभे राहून म्हणाले, "मी तर म्हणतो, या बेटावर ठरावीकच माणसं सोडायला हवीत. नाहीतर पक्षी जातील आणि पिशव्या उरतील. हात वर करा बघू, कुणाकुणाला पटतं?" सगळ्यांचे हात वर. दादाची बहीण, धाकटी, हिनेसुद्धा हसून हात वर केला. माझी पाठराखण करणारी एवढी माणसं! निळ्या रंगाखाली मला भरून आलं.

एवढं म्हणते न म्हणते तोच होडीला धक्का बसला. दादाने दोर सोडायला सांगितलंय.

दोर धाकटीच्या हातात आहे. गर्दीमुळे तिला आत जागा नाही, ती होडीच्या काठावर बसली आहे. बसल्या बसल्या तिने हात पाण्यात घातला. लहानपणापासूनची सवय. बाबा तिला सांगायचे, "लाट डोळ्यांना फसवते, पोरी. रेघेवर अंगठा ठेव. अंगठा पाण्यावर निघेना, तर कुणीतरी उतरायचं."

तिचा अंगठा नव्या रेघेवर आला. सपाट. तो खाली सरकला. पाण्यात. एक बोट, दोन, तीन. मित्रांनो, मला आवाज असता तर मी ओरडले असते. मला फक्त उंचवटा आहे.

अंगठा थांबला.

"दादा, रेघ कुठाय?"

"ही काय. डोळे गेले का तुझे?"

"ही नाही. बाबांची."

दादा तिच्याकडे न बघता म्हणाला, "आत्ता नको, धाकटे. माणसं ऐकतायत."

"ऐकू देत. ती पाण्याखाली आहे." ती उभी राहिली. दोर तिने सोडला नाही. "निम्म्यांनी उतरायचं. दादा दुसरी खेप करेल."

"आणि वारा वाढला तर?" कुणीतरी विचारलं.

"तर उद्या सकाळी."

मग जो गलका झाला! कुणाचं सकाळी ऑफिस, कुणाची गाडी चुकणार, कुणाच्या पायात गोळे. चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "हे बघ बाळ, मर्यादा हवीच, माझं मतच आहे ते. पण नियम आजपासूनच कशाला? आणि आम्ही काही रोज येत नाही."

प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं. त्यांच्यातलं कुणीच रोज येत नव्हतं. पण हंगामात होडी रोज भरायची.

एक लाट आली. आतल्या फळ्यांवर पाणी सांडलं. सगळ्यांनी पिशव्या मांडीवर घेतल्या.

"मी उतरते," धाकटी म्हणाली आणि धक्क्यावर गेली. "माझ्याबरोबर कोण?"

कुणी हलेना. मी मोजायचं म्हटलं तरी मला मोजता येत नाही. मला फक्त भार कळतो, आणि तिच्या एकटीच्या उतरण्याने तो केसभरही हलला नव्हता.

तेव्हा गृहस्थांची बायको उठली. पदर खोचला, पिशवी उचलली.

"अगं, कुठे?"

"सकाळी हात कुणी वर केला होता? चला, उतरा. आता पायही उचला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. गृहस्थ उठले. मागोमाग नवं जोडपं, मग आणखी काही. हळूहळू पाणी माझ्यावरून ओसरलं आणि मला हवा लागली.  दादाने इंजिन सुरू केलं.

पाण्याच्या मधोमध एक मोठी लाट आली. माझ्यावरून गेली, नव्या रेघेवरून गेली आणि होडीच्या काठाला ओठ लावून परतली. काठ आणि लाट यांच्यामध्ये काही उरलं नव्हतं. तिथे आणखी चार बोटं पाणी असतं, तर ही गोष्ट मी तळाशी पडून सांगत असते. दादाने ते पाहिलं. 

त्या संध्याकाळी दुसरी खेप झाली नाही. वाऱ्याने होऊच दिली नाही.

उजाडताच दादा एकटा निघाला. बेटावरची सगळी माणसं धक्क्यावर उभी होती, अंग आखडलेली, पण धडधाकट. 

"माणसं गेली आणि पक्षी उतरले हो," चष्मेवाले गृहस्थ दादाला हळूच म्हणाले. "झाडं वाकली. दिवसभर दुर्बीण लावून बसलो होतो, तेव्हा एक दिसत नव्हता."

"तुमच्या घोरण्याने उडाले नाहीत, हेच नशीब," बायको म्हणाली.

दादाने त्यांना लगेच चढू दिलं नाही. तो पाण्यात उतरला, खिशातून पत्रा काढला आणि आधी नवी रेघ पुसून टाकली. मग माझ्यावरचा निळा रंग, नखाने, जपून. धाकटी बाजूला उभी होती.  वाकून तिने अंगठा लावला.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी रेघ तुम्हाला कुठेही भेटेल. होडीवर, डोंगराच्या वाटेवर, एखाद्या जुन्या दारापाशी. ती जपा, असं सगळेच म्हणतात, आणि तुम्हीही मान डोलवाल. माझं तेवढ्याने पोट भरत नाही. माझी विनंती छोटी आहे. जिथे जाल तिथे बसण्याआधी एकदा वाका आणि पाणी कुठवर आलंय ते बघा. आणि "कुणीतरी उतरा" अशी हाक आली, तर मागे वळून त्या कुणीतरीला शोधू नका.